नियत कोणाची फिरली?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा म्हटला की कापसाच्या भावाची गोष्ट निघते, विजेची निघते, पीकविम्याची निघते. त्यावर बाकीचे कार्यकर्ते बोलणारच आहेत. आम्हाला आज दुसऱ्याच विषयावर बोलायचे आहे. विषय पाप-पुण्याचा आहे. हे काम कीर्तनकाराचे, तुम्ही कशाला अंगावर घेता, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आमचे शिक्षण शेतकी कॉलेजातले. खताची मात्रा किती, दोन ओळींत अंतर किती, बोंडअळीला फवारा कोणता, एवढेच आम्हाला शिकवले. पण इतकी वर्षे गावोगाव हिंडल्यावर एक गोष्ट कळली. शेतकऱ्याच्या मानेवर नुसते कर्ज बसलेले नसते. कर्जाच्या वर लाज बसलेली असते. कर्जाचा हिशेब कागदावर मांडता येतो. लाजेचा हिशेब कोणी मांडत नाही. आज तो मांडू.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका घरी बसायला गेलो होतो. सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि ज्वारी. घरचा कर्ता माणूस स्वतःच्या हाताने गेला होता. आम्ही ओसरीवर बसलो. काय बोलावे सुचेना. थोड्या वेळाने त्याची बायको बाहेर आली आणि तिने पहिले वाक्य काय बोलावे? "भाऊ, आमचा माणूस बुडव्या नव्हता."

तिने मदत मागितली नाही, सरकारला शिव्या दिल्या नाहीत. आधी नवऱ्याची अब्रू सांभाळली.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी एका बँकेत गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. चहा पाजला. बोलता बोलता म्हणाला, "आता पहिल्यासारखी माणसं राहिली नाहीत. लोकांची नियत फिरली. पैसे असले तरी भरत नाहीत, माफीची वाट पाहतात."

एकीकडे ती बाई, दुसरीकडे हा साहेब. दोघे एकाच शेतकऱ्याबद्दल बोलत होते. मग खरे कोण? शेतकऱ्याची नियत फिरली काय? माणसाचा स्वभावच बुडवण्याचा आहे काय? आणि कर्ज थकणे हे धर्माने पाप ठरवले आहे काय? हे तीन प्रश्न आपण एकेक करून घेऊ.

आधी कोणाचे देणे फिटते?

तुम्हीच आठवा. पहिला वेचा झाला, कापूस विकला, चुकारा हातात आला. पहिले पैसे कोणाला जातात? वेचणीच्या मजुरीला. मग पाहुण्याचे हातउसने. मग कृषी केंद्राची उधारी. मग सावकार. आणि काही उरलेच तर सोसायटी नाही तर बँक.

साहेबाला यात बेइमानी दिसते. आम्हाला यात माणूस दिसतो. वेचणाऱ्या बाईच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची असते, म्हणून ती पहिली. मेव्हण्याने अडीनडीला पैसे दिले ते कागद न करता, म्हणून तो दुसरा. कृषी केंद्रवाला पुढच्या हंगामात पुन्हा बियाणे देणार, म्हणून तो तिसरा. जिथे नाते आहे, जिथे तोंड पाहायचे आहे, तिथले देणे माणूस आधी फेडतो. कागद नसलेले देणे आधी फिटते आणि कागदाचे मागे राहते. बुडवणे हाच स्वभाव असता तर हे उलटे झाले असते. ज्याच्याकडे पुरावा नाही त्याचे पैसे पहिले बुडाले असते.

आपल्याकडची सावड बघा. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल. जोडी लावून आज याचे वावर वखरायचे, उद्या त्याचे. कुठे करारनामा आहे? कुठे स्टॅम्प आहे? तरी वर्षानुवर्षे चालले. माणूस साधूही नाही आणि चोरही नाही. आपल्याला कोणी काय दिले हे तो लक्षात ठेवतो, आणि आपल्याला कोणी फसवले हेही लक्षात ठेवतो. एवढ्या दोन गोष्टींवर गाव उभे राहते. नीती म्हणतात ती आधी इथे उगवली. पोथीत ती नंतर लिहिली गेली.

धर्माने दोघांनाही बांधले होते

आता पोथीकडे येऊ. कर्ज बुडवणारा पुढच्या जन्मी सावकाराच्या दावणीला बैल होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. आमची तक्रार एवढीच की धर्माचे अर्धेच वाक्य आपल्याला ऐकवले गेले. दुसरे अर्धे सावकाराला लागू होते, ते कोणी सांगितले नाही.

इराणातल्या सुसा या जुन्या शहराच्या अवशेषांत १९०१-०२ साली एक काळा दगड सापडला. आज तो पॅरिसच्या संग्रहालयात आहे. त्यावर बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेले आहेत. जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यातला एक कायदा आपल्यासाठीच केला असावा असा आहे. वादळाने किंवा पुराने पीक गेले, किंवा पाण्यावाचून पिकलेच नाही, तर त्या वर्षी शेतकऱ्याने सावकाराला धान्य द्यायचे नाही, आणि त्या वर्षाचे व्याजही द्यायचे नाही. पाऊस गेला तर व्याजही गेले. पावणेचार हजार वर्षांपूर्वी राजाला हे समजत होते. आज दुष्काळ पडला तर आपल्याकडे काय होते? पैसेवारी निघते, कर्जाचे पुनर्गठन होते. मुदत वाढते, बोजा हटत नाही.

यहुद्यांच्या धर्मग्रंथात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे, आणि पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन मूळ घराण्याला परत करण्याची. ख्रिस्ती लोक तोच ग्रंथ मानतात. कुराणाने व्याज निषिद्ध ठरवले आणि अडचणीतल्या ऋणकोला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या असे सांगितले. आणि आपल्याकडे? आपल्याकडे दामदुपट होती. कोणत्याही वेळी येणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभर दिले तर फार तर दोनशे मागायचे. तिथे व्याजाची वाढ थांबली.

देहूच्या तुकोबांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. घर महाजनाचे, सावकारीचे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. परंपरा सांगते की भावाच्या वाट्याचे कागद त्याला देऊन आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. आपण त्यांचे अभंग म्हणतो, पालखीला जातो. पण कर्जाची खते पाण्यात सोडणारा तो सावकार होता, हे विसरतो. साऱ्या महाराष्ट्राने ज्याला संत मानले, त्याने दुष्काळातले कर्ज वसूल केले नाही.

आणि आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव. ऋण काढून सण करू नका, असे ते प्रत्येक कीर्तनात सांगत. हे आपल्याला चांगले पाठ आहे, कारण ते आपल्याला सुनावता येते. पण तरुणपणी काय झाले होते? मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, आणि ताबा घ्यायला आलेल्या माणसांना देबूजीने वावरात शिरू दिले नाही, असे चरित्रकार सांगतात. कर्ज करू नका, हेही तेच सांगणार आणि अन्यायाच्या वसुलीपुढे छाती काढून तेच उभे राहणार. दोन्ही मिळून गाडगेबाबा होतात.

दामदुपट कशी मेली?

मग हे सगळे गेले कुठे? कोणी पोथी फाडली काय? नाही. हिशेबाने मारली. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो ते गणित इथे कामी येते.

१८५५ साली इंग्रज सरकारने व्याजावरच्या मर्यादेचे कायदे रद्द केले. तरी मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू कुळांसाठी दामदुपट मानत राहिली. पण १८५९ साली मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावर तीन वर्षांत दावा करायचा, नाही तर रोखा रद्द. कायदा केला शेतकऱ्याच्या भल्यासाठी. जुने कागद काढून सावकाराने छळू नये म्हणून. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणे, नवा कागद करून दे, नाही तर कोर्टात जातो. आणि नव्या कागदात मुद्दल अधिक व्याज हे सगळे मिळून नवे मुद्दल.

आता मांडा हिशेब. शंभर रुपये, शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस. तीन वर्षांत १७२. नवा कागद. सहा वर्षांत २९६. नवा कागद. नऊ वर्षांत ५०९. बारा वर्षांत ८७५. दामदुपटीने बारा वर्षांनीही दोनशेच्या वर मागता आले नसते. कागद तेवढा दर तीन वर्षांनी बदलला, आणि दोनशेचे ८७५ झाले. धर्म जिथल्या तिथे राहिला. प्रत्येक नवा कागद कायद्याने नवे कर्ज होता, त्यामुळे दामदुपटीचा नियम मोडलाच नाही. फक्त मेला.

हे दीडशे वर्षांपूर्वीचे झाले असे समजू नका. मार्च अखेरीला आपण काय करतो? नवे-जुने. सोसायटीचे भरायला सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, भरायचे, पुन्हा उचलायचे, सावकाराला व्याजासह परत द्यायचे. कागदावर आपण नियमित कर्जदार. घरात मात्र एक पैसा आला नाही आणि बोजा वाढला. ज्याला हे जमले त्याला बँक शहाणा म्हणते. ज्याला जमले नाही त्याची नियत फिरली!

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतही दामदुपटीची सावली उरली आहे. अल्प आणि अत्यल्पभूधारकांच्या अल्पमुदतीच्या पीककर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त लावू नये, अशी सूचना आहे. तुमच्यापैकी किती जणांनी आपला खातेउतारा काढून हा हिशेब तपासला? हात वर करा. बघा, तीन-चार हात. भीती वाटते म्हणून आपण उतारा मागत नाही. लाज वाटते म्हणून साहेबापुढे उभे राहत नाही. लाजेचा व्याजदर किती असतो तो असा कळतो.

सुप्याचा बाजार

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले सुपे गाव. बाजाराचा दिवस. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालू होती तेव्हा तिकडचा कापूस थांबला, इकडे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव पडले, सावकारांनी हात आखडला. वर सरकारने सारा वाढवला. कापूसवाल्यांनो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना? भाव पडायला कारण सातासमुद्रापलीकडे आणि जप्ती आपल्या उंबऱ्यावर.

त्या दिवशी सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि सावकारांकडे कागद मागितले. कर्जरोखे, हुकूमनामे. मिळाले ते जाळले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेले. शेकडो माणसे पकडली गेली. काही ठिकाणी दुकाने लुटली, घरे पेटवली, हे लपवायचे कारण नाही आणि त्याचे कौतुकही आम्ही करणार नाही. पण सरकारने नेमलेल्या आयोगालाच नोंदवावे लागले की लोकांचा रोख कागदांवर होता. कागद सुखासुखी दिले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. सावकारांच्या अंगावर हात टाकल्याचे प्रकार फार थोडे.

विचार करा. उपाशी, चिडलेली माणसे. हातात कोयते-कुऱ्हाडी. समोर ज्याने घर लुटले तो. आणि तरी ती बहुतेक ठिकाणी कागद जाळून घरी जातात. जंगली स्वभावाची माणसे असे करतात काय? त्यांना चांगले कळत होते की अन्याय कुठे साठवला आहे. दंग्याआधी काही गावांनी तर त्याहून शहाणा मार्ग धरला होता. बहिष्कार. सावकाराचे वावर कोणी कसायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी कोणी भरायचे नाही. कायद्याने केलेल्या अन्यायाला गावाने नीतीने दिलेले ते उत्तर होते.

त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायाधीशाने कागदावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मूळचे किती दिले आणि व्याज किती चढले ते पाहावे, असे ठरले. म्हणजे सुप्याचे लोक जे म्हणत होते तेच सरकारने चार वर्षांनी कायद्यात लिहिले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तेव्हाचे बरेच सावकार बाहेरून आलेले, परजातीचे होते. लोकांचा राग जातीवर गेला. ते चूक होते. याचा पुरावा आज आपल्यासमोर आहे. आजचा खाजगी सावकार कोण? कोणी नोकरदार, कोणी दुकानदार, कोणी आपल्याच भावकीतला, आपल्याच जातीचा. शेकडा पाच रुपये महिना घेताना त्याचा हात थरथरतो काय? ज्याच्या हातात दुसऱ्याची नड सापडते आणि ज्याला अडवणारे कोणी नसते, तो असाच वागतो. म्हणून आम्ही म्हणतो, वाईट माणूस शोधत फिरू नका. वाईट मांडणी शोधा. माणूस बदलून काही होत नाही, उद्या त्या गादीवर आपल्यापैकी कोणी बसेल.

बापाचे देणे

आता सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, नाही तर बापाला गती मिळत नाही, हा संस्कार आपल्या हाडात आहे. स्मृतिकारांनी म्हटले होते की मुलाने व्याजासह फेडावे, नातवाने नुसते मुद्दल. पण त्यांनीच हेही म्हटले होते की बापाने दारूसाठी, जुगारासाठी काढलेले देणे मुलावर नाही. म्हणजे देण्याचे कारण बघायचे, हे त्यांनाही मान्य होते.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात हा धर्म इतका ताणला गेला की बापाने काही न ठेवता नुसते कर्ज ठेवले तरी मुलाच्या कमाईवर जप्ती येई. १८६६ साली कायदा करून ते थांबवावे लागले. बापाकडून जेवढे मिळाले तेवढ्यापुरतीच मुलाची जबाबदारी. आणि २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. मुलींना हक्क मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ मुलाचे धर्मकर्तव्य आहे म्हणून मुलावर, नातवावर, पणतवावर कोणतेही न्यायालय वसुली लादणार नाही.

नीट ऐका, अर्धवट ऐकून जाऊ नका. वारसाने आलेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी राहते. जमिनीवर गहाणाचा बोजा असेल तर तो राहतो. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर ती वेगळी. पण बापाच्या नावाने मुलाच्या मजुरीवर, सुनेच्या डोरल्यावर, लेकीच्या शिकवणीच्या पैशावर कोणी हक्क सांगत असेल, तर त्याला कायदा नाही आणि धर्मही नाही. खाजगी सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि ठरावीक मुदतीच्या आतला व्यवहार असेल तर जमीन परत मिळू शकते. ज्या बाईचे आम्ही सुरुवातीला सांगितले, तिला हे कोणी सांगितले नव्हते. तिला फक्त अब्रूचे सांगितले होते.

कंपनीचे देणे आणि सरकारचे देणे

आता दुसऱ्या बाजूचा धर्म पाहू. १८५७ साली हिंदुस्थानात कंपनीवाल्यांसाठी मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला. कंपनी बुडाली तर भागधारकाने घातलेले भांडवल बुडेल, त्याच्या घरादाराला हात लागणार नाही. आणि १८५९ च्या दिवाणी कायद्याने शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात घालता येत होते. दोन वर्षांच्या अंतराने एकाच सरकारने केलेले हे दोन कायदे. धंद्यात जोखीम असते, बुडणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व कारखानदाराला लागू झाले. ज्याचा धंदा सगळ्यांत जोखमीचा, आभाळाकडे पाहून करायचा, त्याला लागू झाले नाही.

२०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. तिच्यातून निकाली निघालेल्या कंपन्यांच्या प्रकरणांत बँकांना दाव्याच्या सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच रक्कम परत मिळाली. त्याला इंग्रजीत नाव काय? हेअरकट. कंपनीचा हेअरकट आणि शेतकऱ्याचे मुंडण! आमची तक्रार ही नाही की कंपन्यांना असा मार्ग का दिला. बुडालेल्या धंद्याला पुन्हा उभे राहता आले पाहिजे, हे शहाणपणाचेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की एकाला व्यवहार म्हणता तर दुसऱ्याला पाप म्हणू नका.

आणि सरकारचे देणे? आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१८ साली अहवाल दिला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के होता. अनुदाने धरूनही उणे. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, आयात, या सगळ्या मार्गांनी शेतकऱ्याच्या शंभरातले चौदा काढून घेतले. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आता सांगा, देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण? ज्याने वर्षानुवर्षे शंभरातले चौदा काढले, त्याने दहा वर्षांनी काही परत दिले तर त्याला 'माफी' म्हणायचे? माफी गुन्हेगाराला असते. म्हणून आपण कर्जमुक्ती म्हणतो. २००८ साली तर ती देतानाही पाच एकरांची रेघ मारली. ओलिताचे पाच एकर आणि आपले कोरडवाहू पाच एकर सारखे मोजले. आपले आठ-दहा एकरवाले रेघेबाहेर राहिले, आणि बाहेर राहिले म्हणून पुन्हा तेच थकबाकीदार.

आपलेही देणे आहे

इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण मग हे भाषण अर्धे राहील. धर्माचे अर्धेच वाक्य सांगतात अशी तक्रार आम्ही करतो, तर आपणही पूर्ण वाक्य सांगितले पाहिजे.

आपल्या घरच्या सालदाराने मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली असेल, आणि त्याची आई आजारी पडली, तर आपण त्याला काय म्हणतो? "आधी उचल फेड, मग सुटी घे." हे कोणाचे शब्द आहेत? आपल्याला बँकेत जे ऐकावे लागते तेच आपण दावणीशी उभे राहून बोलतो. वेचणीची मजुरी पंधरा-पंधरा दिवस थकवतो तेव्हा आपली नियत कुठे जाते?

बचत गटाच्या मायबहिणींनी कधी कोणाच्या दारात हप्त्यासाठी ठाण मांडले आहे? बाहेरची कंपनी पैसे देते, वसुलीला मात्र शेजारणीला बसवते. शेजारणीची लाज हेच तिचे तारण. उद्या असा निरोप आला तर तिच्या दारात बसायला जाऊ नका, तिच्या बाजूने कंपनीच्या माणसासमोर बसा.

आणि तेरवीचे काय? ज्या घरचा माणूस कर्जाने खचून गेला, त्याच घरी तेराव्या दिवशी पाचशे पाने उठतात आणि आपण पंगतीला बसतो. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात सरकारवर जेवढे कोरडे ओढले तेवढेच धर्माच्या नावाने शेतकऱ्याच्या माथी मारलेल्या खर्चावर ओढले. भाव मिळाला नाही म्हणून कर्ज होते, हे सोळा आणे खरे. पण पंगतीने ते सतरा आणे होते, हेही खोटे नाही.

या मेळाव्यात घ्यायचा ठराव

शेवटी चार गोष्टी. घोषणा नव्हेत, घरी जाऊन करायच्या गोष्टी.

एक. आज रात्री घरच्या लक्ष्मीसमोर सगळे कागद मांडा. कोणाचे किती, कधी काढले, किती फेडले. बऱ्याच घरांत बायकोला कर्जाचा आकडा माणूस गेल्यावर कळतो. एकट्याने लपवलेले ओझे दुप्पट जड होते.

दोन. खातेउतारा मागा. एकट्याने जायची लाज वाटत असेल तर दहा जण मिळून जा. मुद्दल किती, व्याज किती, हे गावात मिळून तपासा.

तीन. गावात कोणाच्या जमिनीचा लिलाव पुकारला तर गावातल्या कोणी बोली लावायची नाही. शेजाऱ्याचे वावर स्वस्तात मिळते म्हणून हात वर करणारा आपल्यातला कोणीही असला तरी तो हात खाली आणायचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या गावांना जे जमले ते आपल्याला जमेल.

चार. ज्याचे बोलणे कमी झाले, जो चावडीवर यायचा बंद झाला, जो पोराबाळांची निरवानिरव करू लागला, त्याच्या घरी त्याच दिवशी जा. पैसे नसले तरी जा. त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात घेऊन जा. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. आणि त्याला हे सांगा, की बँकेने बुडीत खाती लिहिली तरी बँक चालू राहते, सावकाराचा एक कागद फाटला तरी सावकार जेवतो, पण तू गेलास तर तुझ्या घरची चूल विझते. कोणत्याही पोथीत, कोणत्याही कायद्यात कर्जाची किंमत जीव एवढी लिहिलेली नाही.

त्या बाईला आम्ही ओसरीवर उत्तर देऊ शकलो नाही. आज तुमच्या सगळ्यांच्या साक्षीने देतो. माय, तुझा माणूस बुडव्या नव्हता. त्याचेच येणे बाकी होते. ते वसूल करायला आम्ही उभे आहोत.